अडीच पट्टे

विजापूर वेस, सोलापूर
२ जुलै २०२५

डॉ. दाक्षायणी यांना गुरुराज ईरप्पा कलशेट्टी याचा नमस्कार.

धाकट्या बहिणीला आशीर्वाद लिहायचे असतात, हे मला माहीत आहे. पण सोळा वर्षं जिच्याशी शब्द बोललो नाही तिला एकदम आशीर्वाद द्यायचे म्हणजे जरा अतीच होतं, म्हणून नमस्कारावर भागवलं. कमी वाटला तर परत पाठव.

पत्र लिहायला कारणं तीन आहेत. त्यातली दोन आज सांगतो.

पहिलं. मार्गशीर्षात सिद्धम्मा गेली तेव्हा तिच्या मातीला तू आली होतीस. सगळ्यांच्या मागे, लिंबाखाली उभी होतीस. मी पाहिलं. पाहिल्याचं तुला कळू नये म्हणून पाठ फिरवली. स्वतःच्या बायकोच्या मातीत उभा राहून माणूस असले डाव खेळतो, यावरून तुझा भाऊ अजून किती सुधारायचा राहिलाय ते ओळख. आलीस, त्याचे आभार मानायचे राहिले होते.

दुसरं. शनिवारच्या पेपरात तुझा फोटो आलाय. 'दार लावून घ्या' हा तुझा रेडिओवरचा कार्यक्रम चोवीस जुलैला बंद होतोय, वय झालं म्हणून तू थांबतेयस, असं लिहिलंय. 'नवरा-बायकोच्या खासगी अडचणींवर सोळा वर्षं उघडपणे बोलणाऱ्या सोलापूरच्या ज्येष्ठ लैंगिक आरोग्यतज्ज्ञ' असं खाली छापलंय. हे वाक्य मी दुकानात गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचलं. कुठेही अडखळलो नाही. एवढं तरी माझ्या नावावर जमा धर.

सोबत शेंगाचटणीचा डबा पाठवतोय. तिखट बेताचं आहे. माझं दुकान ते तुझा दवाखाना रिक्षाने दहा मिनिटं, पण मी पत्रच लिहितोय, कारण फोनवर माझा आवाज चढतो आणि समोर आलो तर तोंड उघडत नाही. कागदावर वरती विभूतीचे पट्टे ओढलेत ते बघून हसू नकोस. अप्पा कोऱ्या कागदाला विभूती लावल्याशिवाय अक्षर काढायचे नाहीत, ती सवय माझ्या हाताला लागलीय.

गुरुराज

८ जुलै २०२५

दाक्षायणी,

पत्राला उत्तर नाही. डबा मात्र परत आला, घासूनपुसून.

डबा रिकामा पाठवू नये म्हणून लोक चिमूटभर साखर घालतात. तू फुटाणे घातलेस. मला मधुमेह आहे, हे तुला कुणी सांगितलं? मथुराबाईनं सांगितलं असणार. तिच्या पोटात काही राहत नाही.

मथुराबाई तुला आठवते ना? अप्पांच्या वेळेपासून उखळावर आहे. आता मुसळ उचलत नाही, पण बाकीच्या आठ बायकांवर तिचाच वचक आहे, माझा नाही. २००९ साली तुझा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मी हुकूम काढला होता की कारखान्यात रेडिओ लागणार नाही. चार गुरुवार पाळला गेला. पाचव्या गुरुवारी दुपारी दोनला मी पुढे दुकानात बसलो होतो आणि मागचे घाव एकदम थांबले. चारही उखळं गप्प. मला वाटलं कुणाच्या हातावर मुसळ पडलं. धावत गेलो तर नऊ बायका गोल करून शेंगदाण्याची सालं काढतायत आणि मध्ये परातीत रेडिओ.

"हे काय चाललंय?"

"सालं काढतोय की मालक," मथुराबाई म्हणाली. "कुटायला लागलं की डाक्टरीन बाई ऐकू येत न्हाईत. सालं कवातरी काढायचीच हायत न्हवं? ती गुरुवारी दोनला काढायची."

तेव्हापासून आपल्या कारखान्यात गुरुवारी दोन ते अडीच सालंच निघतात. चटणीचं वेळापत्रक तू ठरवलंस, मी मालक नुसता नावाला.

आणि मी ऐकत नव्हतो असं आजवर सगळ्यांना सांगत आलो, ते खोटं आहे. मध्ये एक पत्र्याची भिंत आहे. पलीकडून सगळं ऐकू येतं.

"दार लावून घ्या. लेकरं बाहेर खेळायला पाठवा. पाणी पिऊन या. नाव कुणीच सांगायचं नाही, लाज कुणीच बाळगायची नाही." दर वेळी तेच आणि त्याच आवाजात. आपली अव्वा पीठ मळताना पाणी किती घालायचं ते जशी सांगायची, तसं तू शरीराचं सांगायचीस. जे शब्द पुरुष भांडणात वापरतात आणि बायका मरेपर्यंत उच्चारत नाहीत, ते तुझ्या तोंडून भाजीच्या नावासारखे यायचे. पहिल्यांदा माझे कान तापले. नंतर लक्षात आलं की पलीकडे नऊ बायकांतली एकही खिदळत नाहीये. शाळेतसुद्धा इतकं नीट कुणी ऐकत नसेल.

एक भाग माझ्या अजून डोक्यात आहे. माढ्याकडच्या एका सुनेचं पत्र होतं. लग्नाला तीन वर्षं, पोर नाही, जवळीक झाली की जीव जाईल असं दुखतं, आणि सासू अंगारे-धुपारे करतेय. मला वाटलं तू सासूला झोडपणार. तू म्हणालीस, "सासूबाई, तुम्हीही ऐकताय ना? जरा पुढं या. तुमच्या वेळी, दुखतंय का, असं तुम्हाला कुणी विचारलं होतं का?" आणि मग चांगलं अर्धं मिनिट गप्प बसलीस. रेडिओवर अर्धं मिनिट गप्प. यंत्र बिघडलं की काय असं मला वाटलं.

पत्र्यापलीकडून हुंदका आला. मथुराबाई. आयुष्यात तिला रडताना पाहिलं नव्हतं, नवरा गेला तेव्हासुद्धा नाही. मला बघून तिने पदर लावला नाही की तोंड फिरवलं नाही. "मला कुनीच इचारलं न्हाय, मालक," एवढंच म्हणाली आणि परत सालं काढायला लागली.

मी पुढे येऊन गल्ल्यावर बसलो. बराच वेळ गिऱ्हाईक काय मागतंय तेच मला कळेना.

अण्णा
(सवयीने लिहिलं गेलं. राहू दे.)

१३ जुलै २०२५

दाक्षा,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. टिळक चौकाच्या मागच्या पिठाच्या गिरणीत तुझी पेटी आहे, तिच्यात टाकणार आहे. चोवीसनंतर त्या पेट्यांचं काय होणार कोण जाणे.

गिरणीची कल्पना तुला कशी सुचली, हे मी कितीदा मनाशी घोळवलं असेल. पोस्टमन ओळखीचा असतो, दवाखान्याच्या दारात उभं राहिलं की गल्ली बघते. पण दळणाचा डबा घेऊन गिरणीत जायला बाईला कारण लागत नाही आणि बाप्यालाही कुणी अडवत नाही. चिठ्ठी पिठात खुपसून न्यायची आणि पेटीत टाकून द्यायची. तुझ्या टेबलावर येणाऱ्या पत्रांना पीठ लागलेलं असतं म्हणे, उघडलं की मांडीवर सांडतं. आधी सोलापुरात चार गिरण्या, मग बार्शी, अक्कलकोट, पार करमाळ्यापर्यंत. कॉलेजच्या त्या छोट्या रेडिओ केंद्राचा आवाज शहराबाहेर जात नव्हता, तर टेंभुर्णीच्या नाक्यावर मोबाईलवाले ट्रकवाल्यांच्या मेमरी कार्डात भजनांच्या खाली तुझे भाग भरून द्यायला लागले. हे मला एका शेंगांच्या ट्रकच्या ड्रायव्हरने सांगितलं. म्हणाला, "आमच्या गाडीत डाक्टरीन बाईच लागतात, शेठ. लई चुका वाचल्या माज्या." ती माझी बहीण आहे, हे मी त्याला सांगितलं नाही.

किती वेळा सांगितलं नाही, दाक्षा.

तुला अप्पांनी डॉक्टर केलं. ज्या वर्षी तुला मेडिकलला जागा मिळाली त्या वर्षी दोन मुसळांचं काम ते एकटे करायचे, आणि त्यातच त्यांचं मधलं बोट ठेचलं. ते कधी सरळ झालं नाही. रुद्रप्पा भावजी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी गेले तेव्हा लोक म्हणाले हिला परत माहेरी आणा. तू आली नाहीस. महापालिकेच्या प्रसूतिगृहात वीस वर्षं राबलीस. एका पंचमीला आपल्या घरी जेवताना तू त्या जोडप्याचं सांगितलंस. चार वर्षांचं लग्न, मुलाचं दुसरं लग्न ठरत आलेलं, आणि तुला तपासताना कळलं की ती पोरगी अजून कोरीच आहे, कारण काय करायचं असतं हे दोघांनाही कुणी सांगितलंच नव्हतं. तू वीस मिनिटं बोललीस, पाटीवर खडूने चित्र काढलंस, आणि पुढच्या वर्षी बारशाला गेलीस. "वीस मिनिटं, अण्णा," तू म्हणालीस. "वीस मिनिटं कुणी बोलत नाही म्हणून आयुष्यं जातायत." मी ताटावरून उठलो होतो. जेवताना असलं बोलतात का, म्हणून.

तुझ्या सगळ्या कामाची सुरुवात माझ्यासमोर झाली आणि मी हात धुवायला गेलो होतो.

पुढचं दोघांनाही पाठ आहे. माझ्या उत्कर्षाची अक्कलकोटची सोयरीक मोडली. मुलीची आत्या रेडिओवर घाण बोलते, असं त्यांनी कळवलं. मी तुझ्या दवाखान्यात आलो आणि बाकावर बसलेल्या सात-आठ बायकांसमोर म्हणालो की आजपासून मला बहीण नाही, आणि तुझ्या नावामागचं ईरप्पा काढून टाक. तू काढलं नाहीस. त्या वर्षीपासून नागपंचमीला मी मुराळी म्हणून तुला न्यायला आलो नाही. आज पुण्यात सुखाने नांदणारी उत्कर्षा मला फोनवर म्हणते, "बाबा, त्या घरात पडले नाही ते आत्याचे उपकार." पोरीला सोळा वर्षांपूर्वी कळलं ते मला कळायला म्हातारपण लागलं.

पण तुला माहीत नसलेलं एक आहे. २०१० साली तुझा कार्यक्रम बंद करा म्हणून कॉलेजला निवेदन गेलं. तीनशे सह्या. त्यानंतर तीन महिने तुझा आवाज बंद होता आणि तुझ्या पाटीवर कुणीतरी डांबर फासलं. दुसऱ्या दिवशी तू त्याच डांबरावर खडूने लिहिलंस, 'दवाखाना चालू आहे.' अख्खं शहर ते बघायला येऊन गेलं. मीही रिक्षातून गेलो, पडदा ओढून. काळ्यावर ती पांढरी अक्षरं बघून माझ्या अंगावर काटा आला. ही कुणाच्या पोटची आहे, असं वाटलं, आणि मग आठवलं की माझ्याच आईच्या.

डांबर माझं नव्हतं. पण त्या निवेदनावर चौथी सही माझी आहे.

आता तू हे पत्र फाडलंस तरी चालेल.

गुरुराज

१७ जुलै २०२५, गुरुवार

दाक्षा,

आत्ताच दोनचा भाग संपला. शेवटून दुसरा. मागे अजून कुणी मुसळ उचललेलं नाही. तिसरं कारण आज लिहितो. आज नाही लिहिलं तर लिहिणार नाही.

२०१४ साली, चैत्रात, तुला करमाळ्याच्या गिरणीतून एक पत्र आलं होतं. अक्षर पोरकट, वेडंवाकडं. एकसष्ट वर्षांचा माणूस, धंदेवाला, साखरेचा आजार. त्याने लिहिलं होतं की दीड वर्षापासून माझ्यात पुरुषपण उरलेलं नाही. बायकोला सांगितलेलं नाही. ती जवळ आली की मी खेकसतो, स्वयंपाकात खोड काढतो, म्हणजे ती लांब राहते. आता तिने अंथरूण आतल्या खोलीत हलवलंय. माझं संपलंय का, एवढंच सांगा. बायकोला कळू देऊ नका.

ते पत्र मी लिहिलं होतं. डाव्या हाताने, म्हणजे तुला अक्षर ओळखू येऊ नये. शेंगा घ्यायला करमाळ्याच्या बाजारात गेलो होतो, तिथे टाकलं, म्हणजे गावही कळू नये. ज्या बहिणीचं नाव टाकलं, जिचं तोंड बंद व्हावं म्हणून सही केली, तिच्याकडेच गेलो. दुसरं कोण होतं? साखरेचा माझा डॉक्टर मित्र आहे, चौकात पान खायला बरोबर असतो. त्याच्यापुढे हे बोलण्यापेक्षा मी मेलो असतो.

तीन गुरुवार पत्र्याला कान लावून बसलो. चौथ्या गुरुवारी तू वाचलंस. काय म्हणालीस ते शब्दन् शब्द सांगतो.

"दादा, तुमचं काही संपलेलं नाही. साखर वाढली की रक्ताच्या बारीक नळ्या आणि नसा थकतात. पायाला मुंग्या येतात ना, तसंच हे. याला औषध आहे, पण आधी साखर, रक्तदाब आणि हृदय तपासून घ्या, कारण कधी कधी हृदयाचं दुखणं आधी इथं कळतं. आणि बाजारातली पुडी घेऊ नका. हे झालं डॉक्टरचं. आता माणसाचं सांगते. तुम्ही खेकसता ते बायकोला काय वाटत असेल? तिला वाटतंय, मी नकोशी झाले. तिला खरं सांगा. आज रात्रीची वाट बघू नका, दुपारीच सांगा, काम करता करता. तिचा हात हातात घ्या आणि त्याच्या पुढं काही व्हायलाच पाहिजे असं मनात आणू नका. हातही संसारच असतो, दादा."

आणि मग तू कानडीत एक वाक्य बोललीस. "रुसून उपाशी बसू नका. ऊटक्क बा, अण्णा."

जेवायला ये, अण्णा. लहानपणी मी रुसून माळवदावर जाऊन बसायचो तेव्हा अव्वा तुला वर पाठवायची, आणि तू शिडीच्या वरच्या पायरीवरून हेच म्हणायचीस. मी पत्र्याला धरून उभा राहिलो. मग मनाची समजूत घातली. अर्धं अक्कलकोट कानडी बोलतं, बाई सगळ्यांनाच अण्णा म्हणत असेल.

त्याच दुपारी घरी गेलो. सिद्धम्मा दाणे भाजत होती. मी गॅस बंद केला, तिचा हात धरला. हाताला दाण्यांची सालपटं चिकटली होती. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच व्हय? मला वाटलं, मीच नकोशी झाले." तुझेच शब्द, दाक्षा. तिने रेडिओ ऐकला नव्हता, त्या दिवशी घरची वीज गेलेली होती. मग रडली, मग हसायला लागली. संध्याकाळी तिचं अंथरूण बाहेर आलं.

तपासणीत हृदयाच्या दोन नळ्या चोंदलेल्या निघाल्या. वेळेत निघाल्या. बाकीचं औषधाने पुष्कळ सुधारलं, सगळं नाही. पण त्यानंतरची दहा वर्षं आमच्या लग्नातली सगळ्यांत चांगली गेली. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या दहा वर्षांत बोललो.

सिद्धम्मा विचारायची, "असं बोलायला कुनी शिकवलं तुमाला?" मी म्हणायचो, रेडिओवाल्या बाईनं. "तिला नाव हाय की," ती म्हणायची. "घ्या की एकदा." मी घेतलं नाही. शेवटच्या आजारपणात तिने पाणी मागावं तसं मागितलं, "येत्या पंचमीला मूळ जावा. दाक्षाला आना." मी हो म्हणालो.

पंचमी एकोणतीस तारखेला आहे. मला यायचंय. पण ज्या तोंडाने बहीण नाही म्हणालो त्या तोंडाने कसं यायचं, ते तूच सांग. सोळा वर्षं सगळ्यांना सांगतेस, मलाही सांग.

तुला कधीच कळलं नाही की ते पत्र कुणाचं. आज कळलं. ज्या माणसाला तू जीवदान दिलंस तो त्या सह्यांतला चौथा आहे.

अण्णा

सोलापूर
१९ जुलै

अण्णा,

उजव्या हाताची चारही पत्रं पोचली. डाव्या हाताचं माझ्याकडे अकरा वर्षांपासून आहे.

तू भारी हुशार. अक्षर बदललंस, गाव बदललंस, आणि लिहायला बसण्याआधी सवयीने कागदाला विभूती लावलीस. पिठात विभूती दिसणार नाही असं वाटलं असेल, किंवा काहीच वाटलं नसेल. मी पीठ झटकलं तर खाली पट्टे. पट्टे तर हजार घरांत ओढतात. पण तुझा मधला पट्टा अर्धाच असतो. अप्पांचं मधलं बोट ठेचलेलं, ते कागदाला पुरं टेकायचं नाही. तू त्यांचं बघून शिकलास. तुझी बोटं धडधाकट आहेत, तरी तू मधलं उचलतोस. सोलापूर जिल्ह्यात अडीच पट्टे ओढणारा माणूस एकच आहे. इतकी वर्षं हे तुझ्या लक्षात आलं नाही, याचं मला नवल वाटतं.

तीन गुरुवार मी ते पत्र वाचलं नाही. तीनदा हातात घेतलं आणि परत खाली ठेवून दिलं. सोळा वर्षांत आलेल्या अकरा हजार पत्रांत फक्त तुझ्याच पत्राचं उत्तर मी आधी कागदावर लिहून घेतलं.

निवेदनही मी पाहिलं होतं. कॉलेजनं मलाच दाखवलं. तुझी सही होती, पण वरती पट्टे नव्हते. तेव्हाच समजले की अण्णानं हे मनापासून केलेलं नाही.

फुटाणे खात जा. परवा मथुराबाई म्हणाली, तू पुन्हा जिलेबी खातोस.

एक विचारायचं आहे. शेवटच्या भागात मला तुझं ते पत्र परत वाचावंसं वाटतं. नाव न घेता, नेहमीसारखं. सोळा वर्षांत एकाही माणसाने नाव सांगितलेलं नाही, आणि मी कुणाला ते कधी मागितलंही नाही. तू नको म्हणालास तर नाही वाचणार. पंचमीचा त्याच्याशी संबंध नाही. बॅग मी भरून ठेवते आहे.

दाक्षा

२३ जुलै २०२५

चिरंजीव दाक्षास अनेक आशीर्वाद. आता लिहायला हरकत नसावी.

तुझं पत्र आल्यावर मी अप्पांच्या जुन्या वह्या काढल्या. पहिल्या पानावर त्यांचे पट्टे. मग पट्टे ओढून ठेवलेलं माझं हे कोरं पॅड काढलं. शेजारी ठेवून बघत बसलो. पन्नासएक वर्षं मी बापाचं दुखरं बोट वागवतोय आणि मला पत्ताच नाही. तू एका नजरेत बघितलंस. लोक तुला का लिहितात, ते मला काल खऱ्या अर्थाने कळलं. ज्याने आपलं तोंड झाकलंय त्याचंसुद्धा दुखणारं बोट तुला दिसतं. मी तुझा मोठा भाऊ, पण काल तुझ्या त्या चिठ्ठीला मी हात जोडले. हे कुणाला सांगू नकोस.

पत्र वाचायला माझी हरकत आहे. तू वाचायचं नाही. मी येऊन वाचणार आहे.

केंद्रावर फोन करून विचारलं, ती पोरं हो म्हणाली. मग मथुराबाईला सांगितलं की उद्या गुरुवारी दोनला सालं पुढे दुकानात बसून काढायची, रेडिओ गल्ल्यावर ठेवायचा, आवाज पुरा सोडायचा आणि दार उघडं टाकायचं.

ती म्हणाली, "अन् गिऱ्हाईक ऐकंल की मालक."

"ऐकू दे."

"चौकातलं समदं ऐकंल."

"ऐकू दे म्हटलं ना."

मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तुमीच बोलनार हाय व्हय?" म्हणाली, आणि उठून जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

सकाळपासून घरात म्हणून बघतोय. अजून तिसऱ्या वाक्याला अडखळतो. अडखळलो तर तू ते अर्धं मिनिट गप्प बसलीस तशी बस, मी सावरेन. सोमवारी सकाळी दहाला तुझ्या दारात मुराळी येईल. तो मी असेन, तेव्हा दार लावून घेऊ नकोस.

उद्या काय बोलणार ते खाली लिहितो. चुकत असेल तर खूण कर.

"नमस्कार. मी गुरुराज ईरप्पा कलशेट्टी. विजापूर वेशीतला शेंगाचटणीवाला. अकरा वर्षांपूर्वी मी या कार्यक्रमाला डाव्या हाताने एक पत्र लिहिलं होतं. माझ्यासमोर बसलेल्या डॉक्टर दाक्षायणी ईरप्पा माझ्या सख्ख्या बहीण आहेत. हे सांगायला मला सोळा वर्षं लागली. माझं पत्र आता वाचतो."